दूध कमी येतंय म्हणून लाडू वळायला बसण्याआधी: बाळंतिणीच्या खाण्यातल्या या चुका टाळा

बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी बावीस वर्षं गेली. आता घरोघरी जाऊन पाजायला मदत करते. चपला काढतानाच पहिला प्रश्न येतो, "सिस्टर, हिला दूध पुरत नाही. काय खायला घालू?" विचारणारी सासू असते नाहीतर आई. बाळंतीण आतल्या खोलीत पडलेली असते, आणि तिला भूक लागली आहे का हे सकाळपासून कोणीच विचारलेलं नसतं.

दूध तयार होतं ते बाळाने ओढल्यामुळे. छाती जितक्या वेळा रिकामी होते, तितक्या वेळा भरून येते. आई थोडं कमी जेवली तरी शरीर बाळाचा वाटा बाजूला काढतंच, मग तो तिच्या हाडांतून का जाईना. त्यामुळे खाण्याने दुधाच्या प्रमाणात फरक थोडा पडतो, खरी झीज आईची होते.

लाडू वाढवले, पाजणं घटवलं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता आत शिरल्यावर आधी फळीकडे नजर जाते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सोलापूरकडच्या एका घरी बोलावणं आलं. बाळ चौदा दिवसांचं. जन्माचं वजन २.८ किलो, त्या दिवशी भरलं २.६. फळीवर स्टीलचे तीन डबे ओळीने लावलेले: डिंकाचे, मेथीचे आणि अळिवाचे लाडू. सासूबाईंनी स्वतः खारीक कुटून, डिंक तळून केलेले. दिवसाला चार लाडू, वर शतावरी घातलेलं दूध. त्याच फळीवर, डब्यांना लागूनच, पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली.

बाटली दिवसातून तीनदा चालू होती, त्यातली एक रात्रीची, "तेवढीच तिला झोप." हेतू चांगलाच होता. पण दूध बनवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं आणि नेमकं तेव्हाच पाजणं बंद. बाटली पिऊन बाळ चार-चार तास झोपायचं, उठलं की पाच मिनिटं ओढून पुन्हा झोपायचं. शरीराला वाटणार, एवढंच लागतंय. दूध आणखी कमी, की लाडू आणखी एक. त्यात पावडरही पातळ केलेली. डब्यावर साठ मिलीला दोन चमचे लिहिलं होतं, यांनी "जड पडेल" म्हणून एकच घातला. बाळ दोन्हीकडून उपाशी राहिलं.

मी लाडवांबद्दल काही बोललेच नाही. तिच्याजवळ बसले आणि बाळ कसं धरतंय ते पाहिलं. ते नुसतं बोंड चोखत होतं. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबून, खालच्या काळ्या भागासकट आत दिलं, तेव्हा कुठे गिळल्याचा आवाज आला. त्यांच्या डॉक्टरांना विचारून वरचं दूध योग्य प्रमाणात करायला लावलं, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. दर दोन तासांनी आधी अंगावर, रात्रीसुद्धा. मग वरचं दूध एकेका वेळेचं कमी करत गेलो. एका दिवसात बंद करायची घाई मी कधीच करू देत नाही, वजन घटलेल्या बाळाच्या बाबतीत तर नाहीच. दहा दिवसांत वरचं सुटलं. सव्विसाव्या दिवशी काटा तीन किलोवर होता. लाडू रोज दोन, सकाळी दुधाबरोबर. तिला आवडायचे म्हणून.

डिंक, खोबरं, खारीक, अळीव यांनी ताकद येते, अळिवात लोहही चांगलं असतं, म्हणून बाळंतिणीने ते जरूर खावेत. पण त्यांनी पान्हा फुटतो अशी खात्री कोणी देऊ नये. मेथीचा तर अतिरेक नकोच, पोट बिघडतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पाण्यावर पहारा

त्याच घरात दुसरी चूकही होती, आणि तिचा मला जास्त राग येतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, खोलीत शेगडी, पंखा बंद, आणि पाणी दिवसभरात दोन तांबे. "जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं." पोरीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, लघवी गडद पिवळी, चार दिवस पोट साफ नव्हतं. टाके असताना बद्धकोष्ठता म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. बाळंतपणात सैल पडलेलं पोट पाण्याने सुटत नाही.

मी भरलेला तांब्या-भांडं पाजायच्या जागेजवळ ठेवायला लावते. बाळ ओढायला लागलं की आईला तहान लागतेच, हात पुरेल इतक्या अंतरावर पाणी हवं. उलट टोकालाही जाऊ नका. तहान नसताना घटाघटा पाणी ढोसून दूध वाढत नाही.

पथ्याची लांबलचक यादी

डाळ नको, वात होईल. दही नको, बाळाला सर्दी होईल. कोबी, केळं, संत्रं, सगळं बंद. उरतो तूप-भात. आईच्या आतड्यातला वायू आतड्यातच राहतो, दुधात उतरत नाही. दह्याचा आंबटपणाही उतरत नाही. अपवाद एकच सांगते: बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा खूप शेंब दिसली तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टर सांगतील तेवढंच बंद करा.

पहिले सहा महिने आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबाने रोज ६०० कॅलरी जादा लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन भाकरी, वाटीभर उसळ, पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे. आपल्याकडे आदिवासी भागात २०१५पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस ताट मिळतं: पोळी-भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. मग शहरातल्या शिकलेल्या घरात तूप-भात का?

व्हिडिओ बघून वजन उतरवणं

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं जेवण बंद करणाऱ्या मुली मला भेटतात. नऊ महिन्यांत चढलेलं वजन नऊ दिवसांत उतरवायची ही घाई मला मान्य नाही. निदान दोन महिने थांबा, आणि मग सावकाश.

शाकाहारी आईचं बी१२ जीवनसत्त्व

हे मनावर घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची कमतरता आईचं शरीर झेलतं, बी१२चं तसं नाही. आईत नसेल तर दुधातही कमी उतरतं, आणि बाळ सुस्त होतं, शिकलेलं हसणं, मान धरणंसुद्धा विसरू शकतं. दूध-दही नीट घेत नसाल तर तपासणी करून घ्या, गोळ्या सुरू करा.

बाकीच्या चुका थोडक्यात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, पण दोन्ही एकदम नाहीत, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नाहीच. ब्रँडीने पान्हा वाढत नाही, उलट सुटायला अडतो. महागड्या डब्यातल्या पावडरी घेण्यापेक्षा अंडी आणा. आणि पाच-सहा आठवड्यांनी छाती मऊ लागायला लागली म्हणजे दूध आटलं असं नव्हे. शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो.

पुरतंय की नाही हे मी छातीवरून ठरवतच नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. तेवढं होत नसेल तर त्याच दिवशी बाळाला दाखवा. आईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. वारेचा तुकडा आत राहिला असेल तरी दूध उतरत नाही. अंगावरून रक्त जास्त जात असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.