मेटल क्ले आणि काच शिकवताना आधी मोजमाप

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, डाक देण्यावर (धातूचे तुकडे झाळून जोडण्यावर) हात बसलेल्या कारागिराला मेटल क्ले, म्हणजे धातूची बारीक पूड मिसळलेली, भाजल्यावर निव्वळ धातू उरणारी माती, शिकवायची असेल, तर पहिल्याच दिवशी त्याच्याकडून साजातल्या पानासारखा नाजूक नमुना करून घेऊ नये. चांदीच्या क्लेची बरोबर ५० मिलिमीटर लांबीची पट्टी करवून, ती पुरती वाळवून, भाजल्यावर पुन्हा मोजायला लावावी. ही क्ले भाजताना साधारण ८ ते १२ टक्के आकसते, म्हणजे पट्टी ४४ ते ४६ मिलिमीटर भरते, आणि गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणाऱ्याला हा फरक सांगून नव्हे, मोजूनच पटतो. काच मात्र तशी आकसत नाही; त्यामुळे ती क्लेसोबत भाजायची असेल, तर कोंदणात तिच्याभोवती थोडी फट ठेवावी, नाहीतर कोंदण आवळत जाऊन फाटते. डाक देऊन जोडलेली कडी हवीच असेल, तर कोंदण रिकामे भाजून, डाक देऊन, काच शेवटी थंड अवस्थेत बसवावी, कारण थेट ज्योतीने ती तडकते.

सर्वांत चिवट असते ती जुनी सवय: तापलेला दागिना चिमट्याने उचलून पाण्यात बुडवायची. काचेसोबत भाजलेला दागिना बंद भट्टीतच सावकाश निवू द्यावा. पाण्याचे भांडे त्या दिवशी हाताशी ठेवूच नये.