जात्यावरच्या ओव्या सामुदायिक रेडिओसाठी कशा ध्वनिमुद्रित कराव्यात

मराठवाड्यातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी चार वर्षे स्वयंसेवक निवेदक होतो. गुरुवारचा संध्याकाळचा एक तास माझ्याकडे असे आणि त्यातील शेवटची वीस मिनिटे परिसरातील आज्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांसाठी राखलेली असत. चित्रपटगीते लावून तास भरणे सोपे असते; पण त्यांच्या हक्कांसाठी पैसे मोजावे लागतात आणि ती गाणी ऐकणाऱ्याच्या मोबाईलमध्ये आधीच असतात. शेजारच्या वाडीतील आजीचा आवाज मात्र दुसऱ्या कोणत्याही केंद्रावर लागत नाही. असा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी, बहुतांशी चुकतमाकत शिकलेल्या, या नोंदी आहेत.

आधी नियमांविषयी थोडक्यात. केंद्र सरकारच्या २००६ सालच्या धोरणाने शैक्षणिक संस्थांखेरीज स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही अशी केंद्रे चालवण्याची वाट मोकळी केली. प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅट असल्यामुळे आवाज दहा-बारा किलोमीटरपर्यंतच पोहोचतो. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट आहे, आणि ओव्यांचा कार्यक्रम ती सहज पूर्ण करतो. स्वतः जमवलेल्या बातम्या देता येत नाहीत. म्हणून ओव्यांच्या मध्ये गप्पा रंगल्या आणि कोणी गावच्या निवडणुकीवर घसरले, तर तो भाग नंतर काढावा लागतो.

हंगाम पाहून जावे. रोजचे दळण आता गिरणीत जाते आणि जाते कोपऱ्यात पडून असते. परंतु तुरीची रास घरी आली की डाळ भरडण्यासाठी ते बाहेर निघते, आणि लग्नघरी हळद दळायला तर लागतेच. या दोन्ही वेळी बायका आपणहून गातात, सांगावे लागत नाही. बीडकडच्या तांड्यांवर आणि वाड्यांवर मात्र दसरा-दिवाळीनंतर अर्धे गाव ऊसतोडीला गेलेले असते, तेव्हा तेथील ध्वनिमुद्रण भाद्रपदातच उरकावे.

जागेची निवड ही अर्धी लढाई आहे. जुने माळवदाचे घर मिळाले तर दुसरीकडे पाहूच नये, कारण जाड मातीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात आणि घुमारा उरत नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज आदळून परत येतो. तेथे दोन्ही बाजूंच्या दोरीवर वाकळा टाकल्या तरी बराच फरक पडतो. पंखा बंद करावा, फ्रिजचे बटण काढावे (आणि निघताना आठवणीने लावावे, मी एकदा विसरलो आणि त्या घरचे दूध नासले), सर्वांचे मोबाईल दूर ठेवावेत. लाईटचा भरवसा नसल्याने सेलवर चालणारा रेकॉर्डर आणि सेलची जादा जोडी सोबत असावी.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या खेपेला मी रेकॉर्डर जात्याशेजारी फरशीवर ठेवला आणि पाऊण तास समाधानाने मान डोलावली. केंद्रावर येऊन हेडफोन लावला तेव्हा नुसती घरघर ऐकू आली. ओवीचा एक शब्द धड लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्यावर आजी हसून म्हणाल्या, “जातं ऐकायला आलतास का मला?” दगडाचा कंप जमिनीतून थेट माईकमध्ये शिरतो, हे मला तेव्हा कळले. त्यामुळे माईक जमिनीवर कधीही ठेवू नये. चौपदरी घडी केलेल्या वाकळेवर छोटा स्टँड उभा करावा आणि माईकचे तोंड गाणारीच्या हनुवटीच्या उंचीला, दीड-दोन वितींवर, किंचित बाजूला वळवून ठेवावे, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसत नाही. समोरासमोर बसून दोघी खुंटा धरत असतील तर एकजण ओवीचा चरण उचलते आणि दुसरी तो झेलते. अशा वेळी ज्या आजींचा आवाज बारीक आहे, त्यांच्याकडे माईक थोडा झुकवावा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली की चढा सूर लागला तरी आवाज फाटत नाही.

घरघर टाळायची म्हणून जाते बाजूला सारून नुसते गायला सांगण्याचा मोहही होतो. तो आवरावा. हात फिरल्याशिवाय पुढची ओवी आठवत नाही, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. त्याऐवजी जात्यात मूठभर ज्वारी टाकावी. रिकाम्या जात्यात दगड दगडावर घासून कर्कश आवाज होतो आणि जात्याची टाकीही (दळण नीट व्हावे म्हणून दगडावर पाडलेले टाके) झिजते. सगळे गाऊन झाल्यावर अर्धा मिनिट नुसत्या फिरत्या जात्याचा आवाज वेगळा टिपून घ्यावा, कारण संपादनात दोन ओव्यांमधील सांधा जोडायला तो उपयोगी पडतो.

ओवीत माहेर येते, भाऊ येतो, तशीच सासूही येते, आणि कधीकधी ती सासू पलीकडच्या ओट्यावर बसलेली असते. गाताना भान नसते. म्हणून संपूर्ण ध्वनिमुद्रण आजींना तिथेच ऐकवावे आणि कोणती ओवी लावायची, कोणती नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यांचा होकार त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करून ठेवावा. कागदावर अंगठा घेण्यापेक्षा मला हे अधिक सभ्य वाटते.

संपादन हलक्या हाताने करावे. १०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज थोडा कमी केला की पुरते. खोकला, बांगड्यांची किणकिण, मध्येच “आगं माय, विसरले” हे सगळे राहू द्यावे आणि मागे तबला तर मुळीच जोडू नये. निवेदन अर्ध्या मिनिटाचे असावे: आजी कोण, कोणत्या गावच्या, आणि नव्या पोरांना न कळणारा एखादा शब्द. सुरुवातीला मी दोन पाने लिहून नेत असे. केंद्राच्या दारात भेटलेल्या एका मावशींनी विचारले, “तू बोलायलास का वाचायलास?” त्यानंतर मी चिठ्ठीवर फक्त चार शब्द लिहू लागलो आणि समोर त्या मावशीच बसल्या आहेत, असे समजून बोलू लागलो.

प्रसारित झालेले सर्व कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे केंद्राला बंधनकारक आहे. मूळ ध्वनिमुद्रण मात्र कायमचे दोन ठिकाणी ठेवावे आणि एक प्रत आजींच्या घरी पोहोचवावी. प्रसारणाचा वार आणि वेळ त्यांना आधी कळवावी आणि कार्यक्रम अगोदरच तयार करून लावायचा असेल तर त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे. जाताना रेकॉर्डर पिशवीत असू द्यावा. रेडिओवर स्वतःचा आवाज ऐकता ऐकता आजी हमखास म्हणतात, “ही अशी नव्हती रे,” आणि खरी ओवी तेव्हा सुरू होते.