पॅनोरमातला जोड दिसतोय? आधी तो कसला आहे ते बघा

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून, धापा टाकत वरून शहराचे सात-आठ फोटो काढले, घरी येऊन जोडले तर आकाशात उभे पट्टे आणि कठड्याला मधेच खाच. माझा पहिला पॅनोरमा असाच झालेला आणि मी काय केलं, तर क्लोन स्टॅम्प, म्हणजे एका जागचा तुकडा दुसरीकडे छापणारं फोटोशॉपमधलं हत्यार, घेऊन तासभर आकाश घासत बसलो, शेवटी आकाशाची पार गोधडी झाली. तेव्हा कळलं नव्हतं की जोड दोन प्रकारचे असतात आणि दोघांना औषध वेगळं.

पहिला उजेडाचा. रेषा सगळ्या बरोबर जुळल्यात पण एक बाजू उजळ, दुसरी मळकट. कॅमेरा ऑटोवर होता म्हणून, किंवा लेन्स कोपऱ्यात थोडा अंधार करते म्हणून. हे जोडायच्या आधीच सुधारा, नंतर फार कष्ट पडतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) असेल तर सगळ्या फोटोंना एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची एकच छटा, द्या, कोपऱ्यातला अंधार घालवणारं लेन्स करेक्शन लावा, मगच जोडा. हगिन हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात फोटोमेट्रिक ऑप्टिमाइज, म्हणजे फोटोंचा उजेड आणि रंग जुळवणं, केलं की यातलं बरंचसं ते आपलं आपण करतं. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, लावून काढले असतील तर मात्र अवघड आहे, कारण आकाश एकाच भागात गडद निळं होतं आणि तो काही जोड नाही, ब्लेंडिंगने, म्हणजे फोटोंच्या कडा एकमेकांत मिसळून, जात नाही.

दुसरा जागेचा, म्हणजे कठडा, वायर, गच्चीची कड तुटलेली. फोटो काढताना आपण स्वतःभोवती फिरतो, लेन्स जागची हलते आणि जवळच्या वस्तू लांबच्यांच्या मानाने सरकतात. लांबच्या सिंहगडाला काही होत नाही, हाताशी असलेला कठडाच दगा देतो.

आता हाताने कसं करायचं. फोटोशॉपमध्ये फोटोमर्ज (फोटो जोडायची सोय) करताना ब्लेंड इमेजेसची टिक काढा म्हणजे फोटो वेगवेगळ्या लेयरवर, न मिसळता येतात. वरच्या लेयरला मास्क द्या, त्यावर जिथे काळं फिरवाल तिथला भाग लपतो आणि खालचा फोटो दिसतो, आणि काळ्या ब्रशने जोडाची वाट स्वतः आखा. सरळ उभी रेघ नको, वाकडीतिकडी, झाडांच्या गर्दीतून न्या, तिथे डोळा अडकत नाही. कठडा ओलांडावाच लागला तर खांबापाशी ओलांडा. माणूस किंवा कुत्रं दोन्ही फोटोत वेगवेगळ्या जागी असेल तर एकाच फोटोतून अख्खं घ्या. हगिनमध्ये हेच काम मास्क टॅबमध्ये होतं, लाल म्हणजे हा भाग नको, हिरवा म्हणजे हाच हवा.

ब्रशचं मात्र नीट लक्षात घ्या, बहुतेकांचं इथेच बिघडतं. आकाशात ब्रश मोठा आणि एकदम मऊ, इमारतींवर छोटा आणि बराचसा कडक. सगळीकडे मऊ ब्रश फिरवला तर आकाश छान होईल पण खिडक्या दुहेरी, भुतासारख्या दिसतील. १९८३ साली बर्ट आणि अ‍ॅडल्सन या संशोधकांनी हीच गोष्ट गणितात बसवली, फोटोचे ढोबळ आणि बारीक असे थर पाडायचे, ढोबळ थर रुंद पट्ट्यात मिसळायचे आणि बारीक थर अरुंद पट्ट्यात. हगिनसोबत येणारं एनब्लेंड हे फोटो मिसळणारं साधन याच पद्धतीवर चालतं, म्हणून आधी त्याला करू द्या आणि उरलेलं तेवढं हाताने.

एवढं करूनही कठडा दोन-चार पिक्सेल चुकला तर तो तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन वार्पने (चित्र वाकवायच्या साधनाने) ओढा. आकाशात पायऱ्यापायऱ्या दिसत असतील तर काम १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांत, करा, शेवटी किंचित नॉइज (बारीक दाणे) टाका.

तपासायला वर एक कर्व्ह्ज लेयर, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणारा थर, टाकून कॉन्ट्रास्ट भयंकर वाढवा, लपलेले पट्टे लगेच ओरडायला लागतात. ते मिटले की लेयर उडवा.

आणि पुढच्या वेळी वर गेलात की एक्सपोजर लॉक करा म्हणजे सगळ्या फोटोंत उजेड सारखा राहील, फोन उभा धरा, दर फोटोत आधीच्याचा ३० टक्के तरी भाग येऊ द्या आणि कठड्यापासून चार पावलं मागे उभे रहा.