नऊ रात्री, तीन देश: युरोपची छोटी सहल आणि शेंगेन व्हिसा यांचा मेळ कसा घालावा

युरोपच्या सहलीची आखणी बहुतेक जण प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून सुरू करतात. ती यादी जरा बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त रात्री मांडा: कोणत्या तारखेची रात्र कोणत्या शहरात. व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, विमा किती दिवसांचा घ्यायचा, कोणती गाडी पकडायची, हे सगळं या तक्त्यातूनच ठरतं. तक्ता डळमळीत असेल तर अर्जातला एक कागद दुसऱ्याशी जुळत नाही, आणि तिथेच अर्ज अडतो.

शहरं कशी निवडावीत

नऊ रात्रींत तीन मुक्काम पुरेत. शहर बदललं की अर्धा दिवस जातोच: सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, प्रवास करा आणि नवी खोली दुपारी ताब्यात मिळेपर्यंत थांबा. पाच शहरं घेतली तर चार बदल, म्हणजे दोन दिवस नुसते बॅगा ओढण्यात.

शहरं एका रेषेत असावीत. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही रेषा सोयीची आहे. प्राग ते व्हिएन्ना थेट गाडीने सुमारे चार तास, तिथून बुडापेस्ट साधारण पावणेतीन तास. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम हीसुद्धा तशीच. पॅरिस, रोम आणि प्राग एकाच सहलीत कोंबायचं तर मधे विमानं येतात. हवेत दोन तास दिसतात, पण विमानतळाला जाणं, तपासणी, बॅग मिळणं आणि शहरात परतणं धरलं तर पाच-सहा तास सहज जातात.

तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा: उतरायचं प्रागला, परतायचं बुडापेस्टहून. पुन्हा पहिल्या शहरात येण्याचा एक दिवस वाचतो.

व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा

शेंगेन क्षेत्र म्हणजे आपापसांतल्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट. त्यात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे फिरता येतात. मात्र अर्ज कुठेही करून चालत नाही. ज्या देशात जास्तीत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडेच करावा लागतो. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. म्हणजे प्राग ३, व्हिएन्ना ४ आणि बुडापेस्ट २ रात्री असतील तर विमान प्रागला उतरत असूनही अर्ज ऑस्ट्रियाकडे. ३-३-३ अशी वाटणी मात्र टाळा. वाटेत फ्रँकफर्टला विमान बदललं की पहिलं पाऊल कुठलं, हा वाद उगाच उभा राहतो. एक रात्र इकडची तिकडे केली की प्रश्नच मिटतो.

‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि मुक्काम भलतीकडे, हा मार्ग धरू नका. हॉटेलांच्या आरक्षणातून ते लगेच दिसतं.

एन्ट्रीची संख्या, म्हणजे त्या व्हिसावर शेंगेनमध्ये किती वेळा शिरता येईल, हेही आत्ताच तपासा. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. सायप्रस युरोपीय संघात असूनही नाही. उलट स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. पॅरिसहून रेल्वेने लंडनला दोन दिवस जायचं ठरवलं तर ब्रिटनच्या नियमांनुसार वेगळी परवानगी लागते, शिवाय शेंगेन व्हिसाही किमान दोन एन्ट्रींचा हवा. सिंगल एन्ट्री असेल तर लंडनहून परतीचा दरवाजा बंद.

अर्ज कधी आणि कोणत्या कागदांसह

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात. जास्त चौकशी हवी असेल तर ४५ दिवसांपर्यंत. पण खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. उन्हाळ्यात जायचं असेल तर तीन-चार महिने आधी तारीख धरा.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बोटांचे ठसे ५९ महिने वापरता येतात, त्यामुळे अलीकडे दिले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

विम्यात उपचारांसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं आणि ते सर्व शेंगेन देशांत लागू हवं. इथे एक चूक वारंवार होते. नऊ रात्री म्हणजे दहा दिवस. उतरण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस मोजायचे. नऊ दिवसांचा विमा जोडला की अर्ज अपुरा ठरतो. पुढेमागे एकेक दिवस जादाच घ्या.

प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा जोडा, एकही रात्र रिकामी नको. रद्द करता येणारं आरक्षण चालतं. खोटं चालत नाही. विमानाचं, पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत काढू नका. बँकेचं स्टेटमेंट देशानुसार तीन ते सहा महिन्यांचं मागतात. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर ती उसनी आणल्यासारखी दिसते, म्हणून ती कुठून आली याचा कागद सोबत द्या. नोकरदारांनी रजा मंजुरीचं पत्र जोडावं आणि त्यातल्या तारखा तिकिटाशी ताडून पाहाव्यात. तुम्ही परत येणार, हे त्या पत्रातून दिसतं. परतण्याबद्दलची शंका हे नकाराचं नेहमीचं कारण आहे.

व्हिसा हातात आल्यावर

पासपोर्ट मिळाल्याबरोबर त्यात चिकटवलेला व्हिसाचा स्टिकर नीट वाचा. वैधतेच्या तारखा आणि राहण्याचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा पंचवीस दिवस वैध असू शकतो, पण राहण्याची मुभा दहाच दिवसांची. जवळ मल्टिपल एन्ट्री व्हिसा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येतं. नावात किंवा तारखेत चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा.

विमान बदलताना इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं. फ्रँकफर्टमार्गे प्रागला जाताना रांग फ्रँकफर्टलाच. पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी डिजिटल नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे आणि पहिल्या नोंदीला वेळ लागतो, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा. हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत हातातल्या बॅगेत असू द्या, तिथेही विचारतात.

पुढे देशांच्या सीमेवर नेहमीची तपासणी नसते, पण गाडीत पोलीस अचानक येऊ शकतात. पासपोर्ट मागच्या हॉटेलात विसरला तर पंचाईत होईल. वेळापत्रकात व्हिएन्ना ‘वीन’ आणि प्राग ‘प्राहा’ असं लिहिलेलं असतं. बुडापेस्टला तीन मोठी स्टेशनं आहेत, म्हणून तिकिटावर केलेती स्टेशन आहे की दुसरं, ते पाहूनच हॉटेल घ्या.

या तीन देशांत चलनंही तीन: कोरुना, युरो, फोरिंट. कार्डाच्या यंत्राने ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारलं तर इथल्याच चलनावर बोट ठेवा. दुसऱ्या पर्यायात दर महाग लागतो. प्रागमध्ये ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन चालत नाही. पिवळ्या यंत्रात छाप मारल्यावरच त्याची वेळ सुरू होते, आणि छाप नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड होतो.