अरुंद पानांचा फायकस बोन्साय ओळखताना या चुका टाळा

पान लांबट, निमुळतं दिसलं की 'विलो लीफ फायकस' (विलोसारख्या अरुंद पानांचा, बोन्सायवाल्यांचा आवडता फायकस) म्हणून मोकळं व्हायचं, ही घाई मला आता बघवत नाही. फायकस म्हणजे वड, पिंपळ, अंजीर यांचा गोतावळा; त्याच्या साडेआठशेच्या आसपास जाती आहेत, आणि अरुंद पानं त्यांतल्या बऱ्याच जणींना येतात.

छाटलेल्या झाडाचं पान मोजणे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. उथळ कुंडी, भरपूर ऊन, वारंवार छाटणी आणि पानं काढणं, या सगळ्यांनी पान लहान होतं. सावलीत तेच झाड मोठी पानं काढतं. एका ओळखीच्यांकडे असंच निनावी झाड होतं, पानं चार बोटं लांब. मोबाइलच्या अ‍ॅपला रोज नवा फोटो, रोज नवं नाव. मी म्हटलं, एक फांदी सोडा, वाढू द्या. आठवडाभरात फोन: "आकार बिघडतोय, कापली." पुन्हा सोडायला लावली, पुन्हा कापली. शेवटी चिडून त्या फांदीला लाल दोरा बांधला आणि कात्री लावायची नाही असं बजावलं. हंगाम सरला तेव्हा पानं वीतभर लांब होऊन खाली लोंबत होती. ते झाड निघालं 'अली', म्हणजे फायकस बिनेनडिकीचा घरात ठेवायचा प्रकार. फांदी नंतर कापता येते हो, पण तेवढा धीर हवा ना!

नुसत्या चिकावरून फायकस ठरवणे. पांढरा चीक बिट्टीलाही येतो. पान तिचंही अरुंद, आणि ती चांगलीच विषारी. मी आधी पेर बघतो. फायकसच्या शेंड्याची कळी टोकदार आवरणात असते. ते गळलं की फांदीभोवती बारीक कडं उरतं. बिट्टीला ते कडं नसतं. आणि चीकच निघाला नाही, तर झाड बहुधा फायकस नसून पोडोकार्पससारखं अरुंद पानांचं दुसरंच काही असणार. चीक कुठलाही असो, डोळ्याला लागू देऊ नका.

कुंडीवरची चिठ्ठी प्रमाण मानणे. 'नेरिफोलिया' आणि 'सॅलिसिफोलिया' ही नावं बोन्सायवाल्या विलो लीफला वर्षानुवर्षं चिकटली आहेत. खरा नेरिफोलिया हिमालयाकडचा आणि सॅलिसिफोलिया आफ्रिका-अरबस्तानातला. बोन्सायमधल्या झाडाचं आजचं नाव फायकस सॅलिकारिया. जुनी चिठ्ठी फेकू नका, पण तिच्यावर विसंबूही नका.

कलमाचा सांधा न बघणे. जाडजूड मुळांच्या खोडावर बऱ्याचदा दुसऱ्याच फायकसची फांदी कलम केलेली असते. सांध्याखालून फुटलेल्या धुमाऱ्याचं पान वेगळं दिसलं की लोक म्हणतात, झाड बदललं. झाड कसलं बदलतंय!

फळाची वाट न बघणे. पानाच्या बगलेत छोटी अंजिरं आली तर ती देठासकट जवळून टिपून ठेवा. पानांच्या शंभर फोटोंपेक्षा ती जास्त कामाची.

जागा बदलल्यावर झडलेली पानं हे जातीचं लक्षण समजणे. फायकस बेंजामिना ही घरात ठेवायची जात रुसून पानं टाकते हे खरं, पण इतर फायकसही टाकतात.

एवढं करूनही नाव लागलं नाही, तर मी चिठ्ठीवर 'फायकस, अरुंद पान' आणि झाड कुठून आलं एवढंच लिहितो. ऊब, उजेड आणि थंडीपासून बचाव यांत या झाडांमध्ये फारसा फरक पडत नाही.