लॅमिनेटच्या टेबलावरचा रंग सालीसारखा निघत होता, शेवटी असा टिकला

मुलांच्या लॅमिनेटच्या छोट्या टेबलाला रंग दिला, तर आठ दिवसांत धाकटीने कडेला नख घालून सालपटं काढायला सुरुवात केली आणि एक तर चक्क तोंडात. दोनदा नुसता वरून हात मारला, एकदा वार्निश लावलं, काही उपयोग नाही. फार वैताग आला.

चूक रंगाची नव्हती, पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट होता. मग जुना रंग पूर्ण खरवडला, भांड्याच्या साबणाने पुसून, दोनदा साध्या पाण्याने पुसून कोरडं केलं. २२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलकं घासलं, फक्त चमक जाईपर्यंत (ओलं घासलं की धूळ उडत नाही, घरात मुलं असताना हे फार महत्त्वाचं). पुन्हा पुसून सुकवलं, बाँडिंग प्रायमरचा (गुळगुळीत पृष्ठभागाला घट्ट धरणारा, रंगाआधीचा थर) एक पातळ हात, २४ तास थांबले. नखाने खरवडून बघितलं, निघाला नाही, मगच वॉटर बेस्ड इनॅमलचे तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सोडून. सगळं मुलं झोपल्यावर, बाहेर बाल्कनीत, घराकडचं दार लावून घेऊन.

हाताला कोरडं लागलं तरी रंग आतून कडक व्हायला तीनचार आठवडे लागतात, तोवर टेबल मुलांना दिलंच नाही.