लातुरात प्रोग्रामरांचा कट्टा चालवायचा असेल तर

आमच्या कट्ट्याची पहिली बैठक मी पार वाया घालवली. हिंजवडीत आठ वर्षं काढून लातूरला परत आलो होतो, डोक्यात जरा जास्तच हवा होती. ओळखीच्या एका क्लासचा हॉल मागितला, प्रोजेक्टर लावला आणि मशीन लर्निंगवर दीड तास बोललो. चाळीसेक पोरं-पोरी होती, सगळ्यांनी मुकाट वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी सहा जण आले, त्यातला एक मागच्या वेळी विसरलेला चार्जर न्यायला.

त्यामुळे परभणीहून, अंबाजोगाईहून कुणी फोन करून विचारतं, "दादा, ग्रुप सुरू करायचाय, पहिल्यांदा कुणाला बोलवावं?" तेव्हा मी सांगतो, वक्ता कुणीच नको. अर्धवट प्रोग्राम घेऊन अडलेली पाच माणसं गोळा करा. तेवढ्यावर सुरुवात होते.

वेळ रविवारी सकाळी अकरा ते एक. संध्याकाळ ठेवू नका. औसा, निलंगा, उदगीरहून येणाऱ्यांना एसटीनं उजेडात घरी पोचता आलं पाहिजे, मुलींना तर नक्कीच. घरून एकदा "नको" आलं की ती पोरगी परत दिसत नाही. जागा कुठलीही चालेल, पण दर वेळी तीच ठेवा. दोन एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचे आणा. लागणारं सगळं आधीच्या रात्री घरीच डाउनलोड करून यायला सांगा, कारण लाइट गेली की वायफायही जातं आणि वीस जणांचा भार एका मोबाइलच्या हॉटस्पॉटला पेलत नाही.

आता बैठकीत करायचं काय? एकानं आपला कोड भिंतीवर दाखवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळीओळीनं मोठ्यानं वाचायचा. बस. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण यातून काय होतं ते एका उदाहरणानं सांगतो.

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीचा, प्रोग्राम घेऊन आली. वडील मार्केट यार्डात मुनीम. शेतकऱ्याच्या सोयाबीनचं वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा, एवढाच हिशेब. प्रोग्राम चालत होता, पण वडिलांच्या हातच्या पट्टीशी मधूनच एका पैशाचा फरक यायचा. "सर, कुठं चुकलंय कळंना झालंय. पप्पा म्हणतात तुझं कॉम्प्युटर पैसे खातंय."

मला चूक दिसली होती. गप्प बसलो, आणि हेच सगळ्यात अवघड काम आहे. दहा-पंधरा मिनिटं सगळे भाव आणि वजनातच शोधत होते. मग डिप्लोमाचा एक पोरगा म्हणाला, प्रत्येक पायरीला आकडा छापून बघू. तिनं रुपयांचे पैसे करण्यासाठी शंभरनं गुणून पुढचा अपूर्णांक कापून टाकला होता. हमालीचा दर ४.३५ टाकला, तर पायथॉननं (प्रोग्राम लिहायची भाषा) दाखवलं ४३४.९९९९९९९९९९९९९४. कापल्यावर उरले ४३४. एक पैसा इथं गळाला!

का, हे फळ्यावर आलं. एक भागिले तीन आपल्याला दशांशात पुरं लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं. संगणक आकडे दोनच्या घातांत ठेवतो, म्हणजे अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांतून जुळवतो, त्याला ४.३५ तसंच पुरं लिहिता येत नाही. जवळचा आकडा ठेवतो, तो इथं केसभर कमी निघतो. उपाय दोन निघाले. एक तर दर पहिल्यापासून पैशांतच, पूर्णांकात घ्यायचा. नाहीतर डेसिमल (आकडा दशांशातच ठेवणारा पायथॉनमधला प्रकार) वापरायचं, पण आकडा अवतरणचिन्हांत देऊन. अवतरण विसरलात तर आधी तोच बिघडलेला आकडा तयार होतो आणि डेसिमल तो इमानदारीनं जपून ठेवतं. या शेवटच्या गोष्टीत मीही एकदा पगारी नोकरीत फसलो होतो, ते त्या दिवशी कबूल केलं.

या सगळ्याला चाळीस मिनिटं गेली. मग तिनं बदल गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) चढवला, सोबत दोन ओळी लिहिल्या: काय चुकत होतं आणि का. या दोन ओळींवर माझा फार जोर असतो. सहा महिन्यांनी इंटर्नशिपच्या मुलाखतीत तिला विचारलं, एखादी चूक कशी शोधली ते सांगा. ती हमालीवर दहा मिनिटं बोलली. इंटर्नशिप मिळाली.

आपल्या पोरांची एक खोड मात्र आहे. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेलं लेकरू मॉडेल आन्सरची वाट बघतं. त्याला उत्तर देऊ नका, पण त्याच पॅटर्नची घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय जरूर वापरा. शेवटची पंचवीस मिनिटं आम्ही जोड्या लावून खोटी मुलाखत घेतो. बाकी सगळं मराठीत, ही पंचवीस मिनिटं इंग्रजीत. सुरुवातीला हसू येतं, येऊ द्या.

नवीन आलेल्यांना पहिलं काम कोणतं द्यावं? मी मराठी आडनावांची यादी बाराखडीच्या क्रमानं लावायला देतो. सोपं वाटतं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमांकांच्या यादीत, ळ हा ल च्या लगेच नंतर बसलाय आणि आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये काळे आधी येतात आणि कावळे नंतर. हे उलटं का, यावर नवखा माणूस दोन रविवार आनंदात घालवतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त बैठकीचा निरोप. नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली प्रश्न गाडले जातात. प्रश्न गिटहबच्या इश्यूमध्ये (तिथली प्रश्न नोंदवायची जागा) लिहायचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पोरांनाही सापडतात. लिहायचं तीन ओळींत: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एरर कॉपी करून चिकटवायची. स्क्रीनचा तिरका फोटो पाठवणाऱ्याला आम्ही उत्तर देत नाही.

नोकरीचं म्हणाल तर पुण्यातल्या सीनिअरला "दादा, काही जॉब असला तर बघा ना" असा मेसेज कुणालाच करू देऊ नका. रेफरल म्हणजे त्यानं आपला शब्द खर्ची घालणं, आणि न बघितलेल्या कामासाठी शब्द कोण देईल? त्याच्याकडं अर्धा तास मागा, एक कोड वाचून द्या म्हणावं. तीन-चार वेळा वाचलं की तो आपणहून म्हणतो, रेझ्युमे पाठव. मीसुद्धा रेफरलच्या मेलमध्ये डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहितो. सख्ख्या मावसभावाला नाही म्हणालो तेव्हा मावशी दोन महिने बोलत नव्हती.

आणि नोकरीसाठी पैसे मागणारा किंवा मूळ कागदपत्रं ठेवून घेणारा दिसला की सरळ उठून यायचं. आमच्या एका पोरानं असेच चाळीस हजार घालवले, घरी सांगायला त्याला वर्ष लागलं. पहिल्याच बैठकीत हे सांगून टाका, संकोच करू नका.

बाहेरगावी असलेले सीनिअर महालक्ष्म्यांना आणि येळवशीला (वेळ अमावस्येला) घरी येतात, तेव्हा त्यांना गाठा. फक्त येळवशीच्या दिवशी बैठक ठेवू नका, अख्खं लातूर शेतात असतं. आम्ही मागच्या येळवशीला त्या मुनीमकाकांच्याच शेतात गेलो होतो. लॅपटॉप आणायचा नाही असं ठरलेलं. भज्जी झाली, आंबील झालं, बंगळूरहून आलेला एक जण झाडाखाली आडवा झाला. मुनीमकाकांनी खिशातून घडी केलेली पट्टी काढून लेकीला विचारलं, "ते पैशाचं जमलं. पण हमाली वाढली तर नवा दर कुठं घालू?"

दर तिनं थेट कोडमध्येच लिहिला होता. आडवा झालेला माणूस उठून बसला.